शोगुन पळाला नसता तर? जपानचा न घडलेला इतिहास

नमस्कार मंडळी! जपान आधुनिक झाला तो १८६८ नंतर, मेइजी सम्राटाच्या राजवटीत, असं आपण वाचत आलोय. मला हे अर्धंच खरं वाटतं. म्हणून आज एक जर-तर मांडतो.

जानेवारी १८६८. क्योतोजवळ तोबा-फुशिमीला लढाई पेटली. शेवटचा शोगुन (शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावानं प्रत्यक्ष राज्य चालवणारा सेनापती) तोकुगावा योशिनोबू, त्याचं सैन्य साधारण १५ हजार. समोर सात्सुमा आणि चोशू संस्थानांचे जेमतेम ५ हजार. पण त्यांनी सम्राटाचं जरीचं निशाण उभारलं आणि शोगुनची माणसं बिचकली, मागे हटली. तरी ओसाकाचा किल्ला हातात होता, आरमार तर देशात सगळ्यात तगडं. आणि योशिनोबूनं काय केलं? रात्री मोजकी माणसं घेऊन गुपचूप किल्ला सोडला आणि ‘कायो मारू’ या युद्धनौकेनं एदो (आजचं टोकियो) गाठलं. नौकेचा कप्तान एनोमोतो किनाऱ्यावरच राहिला!

समजा, तो ओसाकातच पाय रोवून उभा राहिला असता तर?

आधुनिकता तरीही आली असती. योकोसुकाला जहाजबांधणीचा कारखाना शोगुनच्याच काळात, १८६५ मध्ये सुरू झाला. फ्रेंच इंजिनियर वेर्नी तो उभारत होता. त्यामागे जिद्द होती शोगुनचा खजिना सांभाळणाऱ्या ओगुरी तादामासाची. फ्रेंच अधिकारी १८६७ पासून सैन्याला कवायत शिकवत होते.

खरा घोर परकीयांचा. फ्रेंच राजदूत रॉश शोगुनच्या बाजूचा, तर इंग्रजांचा कल सात्सुमाकडे. प्रत्यक्षात युद्ध लवकर आटपलं आणि सगळे तटस्थ राहिले. शोगुननं मागवलेली ‘स्टोनवॉल’ ही चिलखती नौका योकोहामाला पोचली, पण अमेरिकेनं ती अडकवून ठेवली आणि १८६९ मध्ये नव्या सरकारला दिली. युद्ध रेंगाळलं असतं तर शोगुनला फ्रेंच कर्ज काढावंच लागलं असतं. ते फेडायचं कशातून? १८६६ च्या करारानं आयात जकात ५ टक्क्यांवर बांधलेली. मग बंदरं गहाण पडायला कितीसा वेळ लागला असता?

आणि इथे माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडतो. १८९४ पासून फ्रान्स रशियाचा दोस्त होता. जपान १९०४ मध्ये रशियावर तुटून पडला तो इंग्रजांशी झालेल्या १९०२ च्या कराराच्या आणि लंडन-न्यूयॉर्कमधून उभारलेल्या कर्जाच्या जोरावर. फ्रेंचांच्या कर्जात अडकलेल्या शोगुनशाहीला पॅरिसनं या लढाईसाठी एक छदामही दिला नसता.