दार बंद होण्याआधी दोन घंट्या नकोत

नमस्कार मंडळी. नागपुरातील बस आणि मेट्रोमधील सुरक्षिततेविषयी बोलावे, अशी मागणी तुमच्यापैकी अनेकांनी वारंवार केली आहे, म्हणून आजचा हा व्हिडिओ. धावत्या गाडीत चढू नये, खिडकीबाहेर हात काढू नये, मेट्रोच्या फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहावे, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांवर मी वेळ घेणार नाही. मेट्रोबाबत एवढेच सांगतो, की संक्रांतीच्या दिवसांत मार्गावरील तारांत अडकलेला पतंग काठीने किंवा सळईने काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्या तारांमध्ये 25 हजार व्होल्टची वीज असते आणि तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होताही ती जीव घेऊ शकते.

मला आज बोलायचे आहे ते बसच्या शेवटच्या पायरीविषयी. माझी आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती भाजी घेऊन परतत होती. एका हातात पिशवी, दुसरा हात दांडीवर, उजवा पाय रस्त्यावर टेकलेला आणि डावा अजून पायरीवर, अशा अवस्थेत बस निघाली. पायरीवरचा पाय गाडीबरोबर पुढे गेला, रस्त्यावरचा जागीच राहिला, शरीर गर्रकन फिरले आणि ती हातावर पडली. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रस्त्यावर पसरल्या होत्या आणि मागचे चाक तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. बस कोणाची होती, हे मी सांगत नाही, कारण हा प्रकार कोणत्याही गाडीत घडू शकतो.

आता हेच वाहकाच्या बाजूने पाहा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सायंकाळी सहा वाजता सीताबर्डीवर भरलेल्या बसमध्ये वाहक मध्येच कुठेतरी अडकलेला असतो, एका हातात तिकिटाचे यंत्र, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, आणि दार त्याला दिसतच नाही. गर्दीतून कोणीतरी ‘चला, चला’ म्हणते आणि तो त्या आवाजावर विसंबून दोन घंट्या देतो. मोरभवन बसस्थानकातून सुटणाऱ्या गाडीवर मी एक वाहक पाहिले आहेत, जे प्रत्येक थांब्यावर गर्दी सारून दारापर्यंत येतात, खाली वाकून पायरीकडे पाहतात, ‘टेकले का पाय, काकू?’ असे विचारतात आणि मगच घंटी देतात. माझी मागणी एवढीच आहे, की हा त्यांचा वैयक्तिक चांगुलपणा न राहता नियम व्हावा.

तिसरी बाजू चालकाची. त्याला पायरी दिसते ती केवळ डाव्या आरशातून, आणि गर्दीत तीही झाकली जाते. डिझेलच्या गाडीत क्लच, गिअर आणि इंजिनाची घरघर यांमुळे गाडी निघणार याची प्रवाशाला किंचित आधी चाहूल लागते. इलेक्ट्रिक बसमध्ये ती चाहूल नाही आणि मोटर उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोराने ओढते, त्यामुळे झटका अचानक बसतो. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत कुर्ल्याला इलेक्ट्रिक बसच्या अपघातात अनेकांचे प्राण गेल्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. डिझेलवर वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसाला नवी गाडी देताना रिकाम्या गाडीवर पुरेसा सराव द्यायलाच हवा. दार उघडे असताना गाडी हलूच नये अशी यंत्रणा ज्या बसमध्ये आहे, तिथे ती बंद करून ठेवू नये. मे महिन्यात 45 अंशांत वारा यावा म्हणून दार उघडे ठेवले जाते, हे मला कळते, तरीही हेच सांगेन.

एका प्रेक्षकांनी लिहिले आहे, की चालक-वाहकांना दंड केल्याशिवाय सुधारणा होणार नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. अशी विश्रांती कागदावरच राहते. रस्त्यावर कोंडी झाली की फेरीला उशीर होतो आणि तो उशीर शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीतून भरून काढला जातो. पाणी प्यायला, लघवीला जायला वेळ न मिळालेला माणूस पुढची फेरी घेऊन निघतो आणि आपण त्याच्याकडून शांतपणे आरशात पाहण्याची अपेक्षा करतो. महिला वाहकांचे हाल तर अधिकच, कारण अनेक थांब्यांच्या आसपास स्वच्छतागृहच नसते.

थांब्याच्या जागेत ऑटो आणि दुचाकी उभ्या असल्या, की बस रस्त्याच्या मध्यात थांबते. मग उतरणारा प्रवासी बस आणि पदपथ यांच्यामधून जाणाऱ्या दुचाकींसमोर पाय ठेवतो. तिथे वाहकाने कितीही काळजी घेतली तरी ती अपुरी पडते, म्हणून थांब्याची जागा मोकळी ठेवण्याचे काम वाहतूक पोलिसांनीच करायला हवे. आणि वेळापत्रक आखणाऱ्यांनी गर्दीच्या थांब्यांवर एक-एक मिनिट वाढवून द्यावे. तेवढ्या वेळात शेवटची व्यक्ती उतरते, दार बंद होते आणि मग दोन घंट्या वाजवता येतात.