मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के

श्रोतेहो, नमस्कार.

जड कपाट कधी एकट्यानं सरकवून पाहिलंय? आपण ढकलत राहतो, ते ढिम्म हलत नाही. मग एकाएकी करकरत चार बोटं पुढे जातं आणि पुन्हा अडतं. भूकंपात जमिनीखालच्या भेगेवर, म्हणजे भ्रंशावर, असंच घडतं. दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षं ढकलले जातात, पण घर्षण त्यांना सरकू देत नाही. खडक आपल्याला वाटतो तितका ताठ नसतो. तो किंचित वाकतो आणि तेवढा ताण पोटात साठवतो. घर्षण हरलं की झटक्यात सुटतो. सान फ्रान्सिस्कोच्या 1906 च्या भूकंपानंतर जमिनीची मोजणी तपासून अमेरिकी भूशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी ही गोष्ट मांडली.

5 ते 5.5 रिश्टरच्या मध्यम भूकंपात सरकतो तो भ्रंशाचा काही किलोमीटरचा तुकडा, तोही वीतभर किंवा त्याहून कमी. दोन-तीन सेकंदांत खेळ आटोपतो. आपल्याला जास्त वेळ हादरे जाणवतात, ते जमिनीतून पसरणाऱ्या भूकंपाच्या लाटांमुळे.

मग नंतर दिवसचे दिवस भांडी का वाजतात? सरकलेल्या तुकड्यावरचा ताण उतरला, पण त्याच्या कडांवर आणि शेजारच्या भेगांवर चढला. भेगांतलं पाणीही दाब बदलल्यानं इकडून तिकडे झिरपतं आणि अडलेले खडक सैल करतं. म्हणून नंतरचा प्रत्येक धक्का हा स्वतंत्र भूकंपच असतो, पहिल्याचा घुमारा नव्हे.

1891 च्या जपानमधल्या नोबी भूकंपाचे असे धक्के तिथले भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी मोजत बसले. 1894 मध्ये त्यांनी नियम सांगितला: पहिल्या दिवशी शंभर धक्के असतील, तर दहाव्या दिवशी साधारण दहा. साधा भागाकार, पण अजून चालतो! मात्र इथे लोक हमखास चुकतात. कमी होते ती धक्क्यांची संख्या, जोर नव्हे. दहाव्या दिवशीचा एखादा धक्का दुसऱ्या दिवशीच्या सगळ्यांपेक्षा मोठा निघू शकतो. त्यातला सर्वांत मोठा बहुधा मुख्य भूकंपापेक्षा रिश्टरच्या एखाद्या अंकानं कमी भरतो, आणि एक अंक म्हणजे ऊर्जेत सुमारे 32 पटींचा फरक.

क्वचित मात्र मागाहून आलेलाच मोठा ठरतो. मग कालपर्यंत ज्याला आपण मुख्य भूकंप म्हणत होतो, त्याचं नाव बदलून पूर्वकंप होतं. पहिल्या धक्क्याच्या नोंदीवरून हे कुणालाच ओळखता येत नाही.