अठराचे सोळा: एका फॅमिली वॅगनची नवी चाकं

(शॉट: मागचं डावं चाक, एकदम जवळून)

रिमच्या काठावर हा दबलेला भाग दिसतोय ना, आता त्याच्याच शेजारी टायरच्या अंगाकडे बघा, फुगवटा आलाय. बोटानं दाबला तर मऊ लागतो, कारण तिथले आतले धागे तुटलेत आणि बाहेरचं रबर एकटंच हवा धरून बसलंय. खड्डा काही फार खोल नव्हता, पण त्याची कड धारदार होती. अशा कडेवर टायर आपटला की तो एक तर दबून धक्का जिरवतो, नाहीतर दबायला जागाच संपते आणि कड आणि रिम यांच्यात रबर चेचलं जातं. इथे जागा संपली.

जागा होती किती, ते टायरवरच लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. कॅमेरा फिरतोय त्या आकड्यांवर थांबा: २२५/५० आर १८. टायरची रुंदी २२५ मिलीमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची उभी भिंत त्याच्या ५० टक्के, आणि आतलं रिम १८ इंची. म्हणजे रस्ता आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबर आणि हवा मिळून ११२ मिलीमीटर. मागे पोरं, डिकीत सामान, छतावर कॅरियर, एवढं सगळं त्या ११२ मिलीमीटरवर.

आता एवढं मोठं रिम फॅमिली गाडीला कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९९० च्या दशकात फॅमिली वॅगनला १४-१५ इंची रिम सर्रास असायचे. खराब रस्त्यावर चालणारी वॅगन ही कल्पनाही काही आजची नाही. अमेरिकेत एएमसी म्हणजे अमेरिकन मोटर्स या कंपनीनं १९८० च्या मॉडेलमध्ये ईगल आणली, त्यात वॅगनही होती, चारही चाकांना ताकद आणि पोट जमिनीपासून उंच. पुढे १९९४ मध्ये सुबारूनं लेगसी वॅगनवरून आउटबॅक काढली आणि मग बाकीचेही त्या वाटेनं आले. तेव्हाच्या टायरच्या भिंती जाड असायच्या, उंच असायच्या. मग ब्रेक मोठे झाले, डिस्कचा घेर वाढला, त्यामुळे रिम थोडं वाढणं खरंच गरजेचं होतं. वळणावर गाडी कमी डोलते, हाही फायदा आहे, तो नाकारत नाही मी. पण त्यानंतर जे वाढलं ते शोरूमच्या काचेमागे गाडी चांगली दिसावी म्हणून वाढलं असं माझं स्पष्ट मत आहे, चाकाची कमान भरलेली दिसली पाहिजे ना. खड्डा शोरूममध्ये नसतो.

(शॉट: फळ्यावर दोन वर्तुळं, खडूनं)

तर आयडिया साधी आहे. बाहेरचा घेर जवळपास तोच ठेवायचा, रिम लहान करायचं आणि मधली जागा टायरला द्यायची. या गाडीसाठी निवडलेलं माप २१५/६५ आर १६. हिशेब फळ्यावर दिसतोयच, तरी सांगतो. जुनं चाक ४५७ अधिक दोन वेळा ११२ आणि अर्धा, मिळून ६८२ मिलीमीटर. नवं चाक ४०६ अधिक दोन वेळा १४० च्या किंचित आत, मिळून ६८६. घेरात फरक अर्धा टक्का. स्पीडोमीटर, एबीएस, गिअर यांच्या गणितात काही बिघडत नाही. आणि भिंत साडेबाराधिक शंभरची, म्हणजे ११२.५ ची, १४० च्या किंचित आत झाली, म्हणजे २७ मिलीमीटर जास्त, तेही सस्पेन्शनला हात न लावता.

इथे गाडीच्या मालकांनी विचारलेला प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवलाय. "म्हणजे गाडी किती उंच होणार, दादा?" मिस्त्री फळ्याकडे न बघताच सांगतात, "होत नाही." खरंय. व्यासात चार मिलीमीटर वाढले की गाडी त्याच्या निम्मी उचलली जाते, म्हणजे दोनसुद्धा नाही. लोक इथेच फसतात, जाड टायर दिसला की गाडी उंच झाली असं वाटतं आणि मग तोच दगड तेलाच्या चेंबरला लागतो. उंची हवी असेल तर तो वेगळा उद्योग, स्प्रिंग, शॉकअप, अलाइनमेंट, ड्राइव्हशाफ्टचे कोन, आणि रोजच्या गाडीला त्याची गरज असतेच असं नाही. बऱ्याच जणांना हवा असतो तो फक्त थोडा दम खाणारा टायर.

(शॉट: जॅकवर गाडी, पुढचं चाक काढलेलं, कॅलिपर)

आता खरी अडचण. हा जो ओबडधोबड लोखंडी तुकडा डिस्कला मिठी मारून बसलाय तो ब्रेकचा कॅलिपर, आणि लहान रिम बसणार की नाही हे तोच ठरवतो. कंपनी ज्या गाडीला १८ देते त्या गाडीला १६ बसेलच असं नाही. सोपी खूण अशी की त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला तेच ब्रेक ठेवून १६ येत असेल तर निम्मं काम झालं. पण निम्मंच, कारण बाहेरचं अलॉय घेतलं तर त्याच्या आरांचा, म्हणजे मधल्या दांड्यांचा, बाक वेगळा असतो. व्यासात बसतं आणि आर येऊन कॅलिपरच्या तोंडावर घासतो, हे सगळ्यात जास्त होतं.

म्हणून मिस्त्री काय करतायत ते नीट बघा. जाड पुठ्ठा घेतलाय, हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मध्यापासून कॅलिपरच्या सगळ्यात बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर घेतलं, मग हबच्या तोंडापासून कॅलिपर किती पुढे आलाय ते घेतलं, आणि तोच आकार पुठ्ठ्यावर कापला. हा पुठ्ठा आता उलट्या ठेवलेल्या रिमच्या आत मधोमध धरून पूर्ण गोल फिरवायचा. कुठेही अडकला तर ते रिम परत. अडकला नाही, पण कागदाची घडी जेमतेम जाते एवढीच फट असेल तरीही परत, कारण ब्रेक तापले की धातू फुगतो आणि रिमसुद्धा जोर आला की थोडं लवतं.

आणि एक गोष्ट जी पुठ्ठा दाखवत नाही. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं. हा पांढरा पट्टा दिसतोय रिमच्या आत, चौकोनी चौकोनी तुकड्यांचा, तो नेमका कॅलिपरच्या वाटेत लावला तर पहिल्याच फेरीत खरवडून निघतो. मग हायवेवर स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस महिनाभर टायर कंपनीला शिव्या घालत बसतो. बॅलन्सिंग करणाऱ्याला आधीच सांगा की वजन आतल्या काठाकडे लाव. इथे त्यांनी तेच केलंय, बघा बोटानं दाबून दाखवतायत.

बाकीची मापं पटकन. या गाडीला पाच नट, ११४.३ मिलीमीटरच्या वर्तुळावर, त्यात तडजोड नाही. मधलं भोक गाडीच्या हबला ६७.१ हवं, रिमला आहे ७३.१, म्हणून हे कडं घातलंय, त्यामुळे चाक हबवर मध्यावर बसतं, नाहीतर चाक बारीक थरथर देतं. ऑफसेट, म्हणजे रिमचा मध्य आणि हबला टेकणारं तोंड यांतलं अंतर, ४५ चं ४० घेतलंय म्हणजे चाकाचा मध्य पाच मिलीमीटर बाहेर सरकला, तेवढं चालतं, पण दिसायला भारी म्हणून २० वर जाऊ नका, बेअरिंगवर ताण येतो आणि स्टीअरिंगचं वागणं बदलतं. नट जुनेच वापरायचे असतील तर त्यांचं बूड बघा, शंकूसारखं आहे की गोल. शंकूच्या खाचेत गोल बुडाचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, बसत मात्र नाही.

(शॉट: नवा टायर, ट्रेडवर हात फिरतोय)

हा ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर. रोडच्या टायरपेक्षा ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, आणि हे खांद्यावरचे ठोकळे बघा, थोडे भिंतीवर उतरलेत, खडीत आणि ओल्या मातीत कडेनं पकड मिळते ती यांच्यामुळे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे आहेत ते अडकलेला दगड बाहेर ढकलायला. आणि ठोकळ्यांवर या बारीक चिरा, त्या ओल्या डांबरासाठी. मड टेरेन मुद्दाम घेतला नाही, तो चिखलात राजा पण रोजच्या रस्त्यावर कान किटवतो. एलटी लिहिलेला ट्रकवाला टायरही नाही घेतला. त्याची बांधणी जास्त वजनासाठी असते, तो जड असतो, कडक असतो आणि तेवढंच वजन पेलायला हवाही जास्त लागते, वॅगनमध्ये सगळ्यांची हाडं खिळखिळी होतील.

भिंतीवर डोंगरात बर्फाचा कण असं चिन्ह असेल तर त्या टायरची बर्फावरची पकड खरोखर तपासलेली असते. नुसतं एम अधिक एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, असेल तर ती कंपनीनं ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, आकारावरून केलेली घोषणा, एवढंच. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, जुना ९५ होता, म्हणजे एका टायरला ६९० किलो, नवा ९८ म्हणजे ७५०. तो कधीही खाली जाता कामा नये. टायरच्या भिंतीवरची पांढरी अक्षरं बाहेर की आत यावर या वर्कशॉपमध्ये जवळजवळ अर्धा तास चर्चा झाली, ती कापलीये. आत ठरलं.

(शॉट: टायर मशीन, साबणाचं पाणी, मग आवाज)

काठाला साबणाचं पाणी लावलं, टायर चढवला, आता हवा. थांबा, ऐका. एक… आणि दुसरा. हे दोन धडाके म्हणजे टायरचे दोन्ही काठ, आतला आणि बाहेरचा, रिमच्या खाचेत चढून बसले. भिंतीवर काठाला लागून ही बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका जागी बुडाली असेल तर हवा काढून परत.

वजनकाट्यावर जुनं चाक आणि नवं चाक जवळपास सारखंच भरलं. रिम हलकं झालं, टायर जड झाला. फक्त जडपणा आता बाहेरच्या घेराकडे गेलाय, त्यामुळे पिकअप किंचित आळसावतो.

हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ केल्याशिवाय चाक चढवायचं नाही, हा सीन लांब वाटेल पण मी तो कापू दिला नाही. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर नट आज घट्ट असतात आणि पापुद्रा चुरगळला की सैल. मग नट हातानं फिरवून बसवायचे, समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे, गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंच लावायचा. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, या गाडीचा १०८ न्यूटन-मीटर. खट्ट झालं की थांबायचं. पानाच्या दांड्यावर उभं राहून आवळायचं नाही, आणि ५०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा रेंच लावायचा.

स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग एक चाक रॅम्पवर चढवून तेच परत, कारण सपाट जमिनीवर न घासणारं चाक वर दबलं की कमानीतल्या प्लास्टिकला लागू शकतं. आणि हा मधला शॉट, स्प्रिंगच्या वाटीखालून बोट घातलंय, बोट आरामात जातंय. ठीक आहे.

(शॉट: खडीचा चढ, मागून आणि मग बाजूनं. निवेदन नाही, वीस सेकंद)

हवा किती भरायची यावर एक वाक्य. दाराच्या खांबावरचा स्टिकर जुन्या मापासाठी आहे, म्हणून नव्या टायरच्या लोड टेबलवरून आकडा काढलाय, आणि खडीवर थोडी कमी केली तर डांबरावर चढायच्या आधी परत भरायची, मगच वेग घ्यायचा.

(शॉट: तोच खडक, टायर त्याच्यावर दबताना, स्लो मोशन)

हे बघा, ही भिंत कशी वाकतेय, आणि रिम अजून किती वर आहे.

तोटे आहेतच. ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, मायलेज थोडं उतरतं, हायवेवर घूं असा आवाज येतो, वळणावर गाडी जरा मऊ वाटते, स्पीड रेटिंग व्ही चं टी झालं म्हणजे टायरची मर्यादा २४० ची १९० वर आली, आणि माप बदललं की इन्शुरन्सला कळवायचं आणि आपल्याकडच्या वाहन नियमात बसतं का ते आधीच बघायचं.

हवेचा दाब दाखवणारे सेन्सर जुन्या चाकांतून काढून नव्यात टाकलेत, त्याचं शूटिंग झालं नाही.

(शॉट: डिकी उघडी, तळाचा खळगा)

राहिली स्टेपनी. या गाडीत मूळची स्टेपनी बारीकवाली, तात्पुरती, ८० च्या वर न्यायची नाही. खडीवर पंक्चर झालं तर ती लावून पुढे जाणं मुश्कील, म्हणून पाचवं चाकही तेच घेतलं, अख्खं, २१५ चं. आणि ते त्या खळग्यात बसत नाही. चार बोटं वर राहतं, वरची फळी टेकत नाही. मिस्त्रींनी खालून लाकडी चौकट करून फळी उचलून दिलीये, त्यामुळे डिकीचा तळ सपाट झाला, पण पहिल्या ट्रिपला उभी ठेवलेली मोठी बॅग आता आडवी करावी लागते आणि ती आडवी केली की तंबू मागच्या सीटवर येतो. मालकांच्या बायकोचं म्हणणं आहे की चाक छतावर टाका.