पंचविसाव्या अंकावर संपणारी वाट

पडद्यावरची ही संख्या पंचवीस अंकी आहे.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

वरवर पाहिलं तर कुठूनही उचललेले अंक वाटतात. आता बाकीचे अंक झाकू आणि डावीकडून एकेक उघडत जाऊ.

३६ ला २ ने भाग जातो. ३६० ला ३ ने. ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने, ३६०८५२ ला ६ ने. सातची कसोटी सहसा कुणाला पाठ नसते, म्हणून सरळ भागाकारच मांडू: ३६०८५२८ भागिले ७, उत्तर ५१५५०४, बाकी शून्य. पुढेही हेच. पहिल्या अकरा अंकांना ११ ने, सतरा अंकांना १७ ने, तेवीस अंकांना २३ ने आणि पूर्ण संख्येला २५ ने निःशेष भाग जातो. एकही पायरी चुकत नाही.

हा गुण असलेल्या संख्या एकूण २०४५६ आहेत. त्यांत सर्वांत मोठी ही.

सर्वांत मोठी अशी कुणी असेलच का? अंक तर कितीही जोडता येतात! पण प्रत्येक पायरीवर हाताशी दहाच अंक असतात, ० ते ९. भाजक लहान असेपर्यंत त्यांतला एक तरी अंक चालतोच, बऱ्याचदा दोन-तीन. नऊ अंकी संख्या म्हणून २४९२ पर्यंत पोचतात. दहाव्या जागी फक्त शून्य चालतं, त्यामुळे दहा अंकी संख्याही बरोबर २४९२च. हा समतोल मला फार सुंदर वाटतो. याच नऊ अंकींत ३८१६५४७२९ सापडते. १ ते ९ हे सगळे अंक एकेकदाच वापरून हा नियम पाळणारी ती एकमेव संख्या.

अकरापासून भाजक दहाच्या पुढे जातो. आता फार तर एकच अंक चालतो, अनेकदा एकही नाही. गळती सुरू होते. वीस अंकी ४४ उरतात, बावीस अंकी १२, चोवीस अंकी फक्त ३. त्या तिघींपैकी दोघींच्या शेवटी ६ आहे. २५ ने भाग जायला शेवटी ००, २५, ५० किंवा ७५ लागतं, म्हणून त्या दोघी तिथेच अडतात. तिसरीच्या शेवटी २ आहे. तिला ५ जोडला की आपली संख्या तयार.

आणि सव्विसावा अंक? शेवटी शून्य लावून २६ ने भागलं, तर बाकी १२ उरते. भाग पुरा जायला अजून १४ मिळवावे लागतील. एककाच्या जागी ९ च्या वर काही बसत नाही.