अंडी थांबलेली कोंबडी

श्रोतेहो, नमस्कार.

अंड्यांसाठी घरी चार कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकावर हा दिवस येतोच. दाणा रोजच्याइतकाच संपतो, खुराडं रोजच्यासारखंच झाडावं लागतं, अंडी मात्र कमी कमी होत जातात. मग घरात विषय निघतो, या म्हाताऱ्या कोंबड्यांचं करायचं काय? काही जण त्यांना शेवटपर्यंत सांभाळतात, आणि ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. काही जण कोंबडी कुणाला तरी देऊन टाकतात आणि पुढे तिचं काय झालं ते विचारत नाहीत. आज मी बोलणार आहे ते घरच्या घरी, सगळ्यांनी मिळून कोंबडी कापण्याबद्दल. माझं मत आधीच सांगते. जिला आपण हातानं दाणा घातला, तिचं मरण अनोळखी हातांवर सोपवण्यापेक्षा ते आपण निभावणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. फक्त ते नीट शिकून, शांतपणे आणि घाई न करता व्हायला हवं.

आधी पाहायचं ते हे, की कोंबडी खरंच थांबलीय का. तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, साधारण 5 महिन्यांची झाली की अंड्यावर येते, आणि पहिलं वर्ष तिचं ऐन भराचं असतं. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 एक तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळे अंडं घालण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एखादा खाडा पडतो. वय वाढतं तसे हे खाडे वाढतात. पण खाडे वाढण्याचं कारण दर वेळी वय नसतं. पिसं गाळायच्या दिवसांत चांगली कोंबडीसुद्धा दोन-तीन महिने अंडी बंद ठेवते, कारण सगळं बळ नव्या पिसांकडे जातं. दिवस लहान झाला, उजेड 14 तासांपेक्षा बराच कमी मिळायला लागला, तरी अंडी उतरतात. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीला लागलेली कोंबडी तर बसूनच राहते. यातलं काही चालू असेल तर थांबा.

खरं उत्तर कोंबडीच्या अंगावरच मिळतं. संध्याकाळी खुराड्यात शांत बसलेली असताना तिला उचला. तुरा लालभडक, ऊबदार आणि मऊ आहे, की फिका, सुकलेला? शेपटीखाली अंडं बाहेर येतं ती जागा बघा. अंड्यावरच्या कोंबडीची ती रुंद आणि ओलसर असते, थांबलेल्या कोंबडीची आखडलेली, कोरडी. मग तिच्या दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं हाताला लागतात, त्यांच्यामध्ये बोटं ठेवून बघा. दोन-तीन बोटं सहज मावली तर कोंबडी चालू आहे. एक बोटही कसंबसं बसत असेल तर ती थांबली. पिवळ्या पायांच्या जातीत आणखी एक खूण आहे. अंडी घालताना अंगातला पिवळा रंग बलकात जातो, म्हणून चोच आणि पाय पांढुरके पडतात. पाय पुन्हा पिवळेधमक झाले, तर अंडी बंद होऊन बरेच दिवस झाले असं समजा.

निर्णय फार लांबवूही नये, असं मी का म्हणते? अंड्यासाठीच तयार केलेल्या जातींच्या कोंबड्यांना उतारवयात अंडाशयाच्या गाठी, पोटात पाणी साठणं, बलक पोटात फुटून आतून सूज येणं असे आजार बऱ्याचदा होतात. अशी कोंबडी कोपऱ्यात पंख पाडून दिवसेंदिवस बसून राहते. ते मरण सुरीपेक्षा फार वाईट. आणि आजारी कोंबडी खाण्यासाठी कापायचीच नाही, हे पक्कं ठेवा. अचानक कोंबड्या मरायला लागल्या असतील, शिंका, सूज, निळसर तुरे दिसत असतील, तर कुणालाही हात न लावता पशुवैद्याला कळवा. औषध चालू असेल तर ते थांबवल्यावर जितके दिवस मांस खायचं नाही असं पाकिटावर लिहिलेलं असतं, तितके दिवस जाऊ द्या. घरी कापण्याबद्दल आपल्या भागात काय नियम आहेत, तेही आधी विचारून घ्या.

आता मुलांबद्दल, आणि इथे मला जरा थांबायचंय. मुलांना आदल्या दिवशीच खरं सांगावं. कोंबडी उडून गेली, कुणाकडे तरी राहायला गेली, असल्या थापा मारू नयेत. मुलाला खरं काय ते कळतंच, आणि मग मरणाइतकाच मोठ्यांच्या खोटेपणाचाही धक्का बसतो. काय होणार, का होणार, किती वेळ लागणार हे साध्या शब्दांत सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा. बघायचं असेल त्यानं बघावं, नको असेल त्यानं घरात थांबावं, मध्येच उठून जावंसं वाटलं तर जावं. कुणी त्याला भित्रा म्हणायचं नाही. बरीच मुलं कापताना लांब राहतात आणि पिसं काढायच्या वेळी आपणहून जवळ येतात, त्यांना येऊ द्या. एखाद्या कोंबडीला मुलानं नाव ठेवलं असेल, ती त्याच्या मांडीवर बसत असेल आणि तो डोळ्यात पाणी आणून विनवत असेल, तर ती कोंबडी वगळा. एका कोंबडीच्या दाण्यानं घर बुडत नाही.

कामं आधी वाटून घ्या. सुरी एकाच्याच हातात हवी, आणि हे काम आधी कुणाजवळ तरी उभं राहून शिकलेल्या मोठ्या माणसाच्याच. दुसरा पाणी सांभाळेल, तिसरा पिसं काढेल, चौथा आतली सफाई करेल. कोंबडीला आदल्या रात्रीपासून, म्हणजे 8 ते 12 तास, दाणा द्यायचा नाही. पाणी मात्र समोर असू द्या. यामुळे गळ्याजवळची दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना मांसावर घाण सांडत नाही. पकडायची ती अंधार असतानाच. दिवसा अंगणभर पाठलाग केला, तर कोंबडी भेदरते आणि माणसंही घाबरीघुबरी होतात. अंधारात ती हलत नाही. दोन्ही पंख अंगालगत धरून तिला काखेशी घ्या, डालग्यात ठेवा, वर कापड टाका.

आता मुख्य मिनिट. मी स्पष्टच सांगते, कारण इथे संकोच केला की त्रास कोंबडीला होतो. खालून तोंड उघडं असलेलं पत्र्याचं किंवा जाड प्लॅस्टिकचं नरसाळं भिंतीला पक्कं ठोका. कोंबडीचं डोकं खालून बाहेर येईल अशी तिला त्यात उतरवा. अंग आवळून धरलं गेल्यामुळे ती पंख आपटत नाही आणि पंख मोडतही नाहीत. कापण्याआधी तिला बेशुद्ध करता येत असेल तर उत्तमच, पण तेही शिकूनच करावं. डोकं एका हातात घट्ट धरा, जबड्याच्या लगेच खाली पिसं बाजूला सारा आणि अत्यंत धारदार सुरीनं मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका दमात कापा. बोथट सुरी हा या कामातला सगळ्यात मोठा अन्याय आहे. आदल्या दिवशी धार लावा, कागदावर तपासा. रक्त वाहून जायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात शुद्ध हरपते, आणि त्यानंतर अंगाला झटके येतात, पाय जोरात हलतात. बघणाऱ्याला वाटतं तिला यातना होताहेत. तसं नसतं. मेंदूचा ताबा सुटल्यावर मज्जारज्जूकडून येणाऱ्या त्या हालचाली असतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तेच दृश्य मनात अडकून राहतं. खात्री करायची तर डोळ्याच्या बुबुळाला बोटाचं टोक हलकेच लावा. पापणी हलली नाही, श्वासही दिसत नाही, म्हणजे संपलं. त्याआधी तिला गरम पाण्यात घालायचं नाही, काही झालं तरी नाही.

पिसांसाठी पाणी 62 ते 65 अंश सेल्सिअस हवं. अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर वापरा. पाणी उकळतं असेल तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते, कोमट असेल तर पिसं जागची हलत नाहीत. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले की ते पिसांच्या तेलकट थरातून आत शिरतं. पाय धरून कोंबडी साधारण मिनिटभर खालीवर हलवा. पंखाचं एक मोठं पीस ओढून बघा, अलगद निघालं की बाहेर काढा. आधी पंखाची आणि शेपटीची मोठी पिसं, ती गार झाली की चिकटतात. मग अंगाची. म्हाताऱ्या कोंबडीच्या अंगावर शेवटी केसांसारखे बारीक तंतू उरतात, ते आचेवरून झटकन फिरवून जाळायचे.

पायाचा खवल्यांचा भाग जिथे सुरू होतो, त्या सांध्यातून पाय कापा, हाडावर सुरी चालवू नका. शेपटीवरची पिवळी तेलग्रंथी काढून टाका, तिच्यामुळे मांसाला वास येतो. मानेकडून अन्नाची पिशवी आणि श्वासनळी सैल करा. मग गुदद्वाराभोवती गोल छेद घ्या, आतडी कापली जाणार नाहीत अशा बेतानं, आणि हात आत घालून सगळं एकदम बाहेर ओढा. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. पित्त लागलेला भाग कडू होतो, तो कापून टाकावा लागतो. कलेजी नीट बघा. ती गडद लाल, गुळगुळीत, एकसारखी हवी. तिच्यावर गाठी, पांढरे ठिपके असतील किंवा पोटात पाणी असेल, तर ती कोंबडी खाऊ नका. पेटा, म्हणजे दाणा भरडणारं जाड पोट, चिरला की आत वाळूचे खडे आणि एक पिवळं चिवट अस्तर दिसतं. ते सोलून काढायचं. फुप्फुसं फासळ्यांना घट्ट चिकटलेली असतात, ती बोटानं खरवडावी लागतात.

आणि मग दिसतं ते अंडाशय. माझ्या मते या सगळ्या कामात मुलांना दाखवण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही. पाठीच्या कण्याला लागून, डाव्या बाजूला, बलकांचा घोस लोंबत असतो. टाचणीच्या डोक्याएवढे फिके ठिपके, मग वाटाण्याएवढे, मग एकाहून एक मोठे, आणि सगळ्यात मोठा अगदी पिवळाधमक. उद्याचं अंडं, परवाचं, तेरवाचं, रांगेनं. प्रत्येक बलकाच्या पातळ पडद्यावर रक्तवाहिन्यांची नक्षी दिसते. कधी खाली अंडनलिकेत कवच चढलेलं पूर्ण अंडंही सापडतं. ही नलिका लांब केली तर हात-दीड हात भरते. उजव्या बाजूला काहीच नसतं, कारण कोंबडीचं एकच अंडाशय वाढतं. थांबलेल्या कोंबडीत हा घोस आकसून बारीक दाण्यांचा झालेला दिसतो. म्हणून प्रत्येक कोंबडी उघडली की अंडाशय बघाच. आपण हातानं केलेली पारख बरोबर होती का, ते तिथे कळतं आणि पुढच्या वेळी निवड जास्त अचूक होते.

साफ केलेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा आणि फ्रिजमध्ये 4 अंशांच्या खाली ठेवा. त्याच दिवशी शिजवायची घाई नको. मेल्यावर मांस ताठरतं, एक-दोन दिवसांत सैल पडतं, त्यानंतरच शिजवा. तरीही मांस चिवट लागतं, कारण वयाबरोबर स्नायूंमधले कोलॅजनचे धागे पक्के होत जातात. भाजून किंवा तळून त्यांचं काही होत नाही. मंद आचेवर, पाण्यात, तीन-चार तास बुडबुडत ठेवलं की हेच कोलॅजन विरघळतं आणि सूप थंड झाल्यावर थरथरतं, इतकं दाट होतं. तशी चव कोवळ्या कोंबडीला येत नाही, मग तुम्ही कितीही जिन्नस घाला. 2 किलोच्या कोंबडीचं मांस हाडासकट सव्वा किलोच्या आसपास निघतं, छाती तर अगदीच बारीक. कच्चं मांस हाताळून झालं की हात, सुरी, पाट साबणानं धुवा. आणि जेवायला बसल्यावर कुणाला तो घास नकोसा वाटला, तर आग्रह करू नका.

पिसं आणि आतडी उघड्यावर टाकू नका, कुत्री उकरतात, माश्या होतात. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. पिसांत नत्र भरपूर असतं, सुका पाला भरपूर मिसळून ती कंपोस्टमध्ये घातली तर सावकाश पण चांगलं खत होतं. बाकीच्या कोंबड्यांना आतडी खायला घालायची नाहीत.

कापायची जागा खुराड्यापासून आडोशाला असावी आणि काम झालं की रक्त धुऊन काढावं. कळप लहान झाला की उरलेल्या कोंबड्यांत चार दिवस टोचाटोची होते, कारण कुणी वरचढ व्हायचं ते पुन्हा ठरत असतं. दाण्याची भांडी तेवढे दिवस दोन ठिकाणी ठेवा. नव्या तलंगा आणणार असाल तर त्यांना दोन-तीन आठवडे वेगळ्या जागी, लांब ठेवा. काही आजार नाही याची खात्री झाली की मग आठवडाभर जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशा ठेवा, आणि एकत्र सोडायचं ते संध्याकाळी, सगळ्या खुराड्यात शिरताना.

नमस्कार.