रक्त पिणारा जंत डोळ्यांना दिसत नाही

(ऊसतोडीहून परतलेल्या बायांपुढे बीड जिल्ह्यातल्या एका गावात एका डॉक्टरांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मायबायांनो, मघाशी एका मावशींची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लाल असायला हवी, ती भिजवलेल्या पोह्यासारखी पांढरी. म्हणाल्या, ‘रक्तवाढीच्या लाल गोळ्या खाते की, पण चार पायऱ्या चढले तरी धाप लागते.’ मग रक्त जातं कुठं?

पाळी, बाळंतपणं, अर्धपोटी राहणं ही कारणं आहेतच. सगळा दोष जंतांवर ढकलायला मी आलेलो नाही. पण त्यांचा वाटा कुणी विचारतच नाही. जंत म्हटलं की आपल्याला पोराच्या संडासात पडलेला लांबडा किडा आठवतो, आणि ‘गोड खाल्लं म्हणून झाले’ असा निकाल लागतो. रक्त पिणारा तो नव्हे. हा अंकुशकृमी, जेमतेम सेंटिमीटरभर, आतड्याला चिकटलेला. बाहेर दिसतच नाही. गुळाशी त्याचं देणंघेणं नाही, त्याला तुमचा अनवाणी पाय हवा.

उघड्यावर बसलं की अंडी मातीत पडतात. ओल आणि सावली मिळाली की आठवड्याभरात अळ्या तयार. आपल्या तापलेल्या माळावर त्या टिकत नाहीत. पण पाणी दिलेला उसाचा फड, वर गारवा, आणि आडोसा म्हणून अख्खी टोळी तिथंच जाते! अळी पायाच्या कातडीतून शिरते. खाज सुटते, पुरळ येतं, आपण म्हणतो चिखल्या झाल्या. ती रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि आपणच तिला गिळतो. आतड्यात ती चावा घेऊन लटकते, जागा बदलते, आणि रक्त गोठू न देणारा रस सोडलेला असल्यामुळे जुनी जखम वाहतच राहते.

आता मुकादमाच्या वहीसारखा हिशेब मांडू. याच्या दोन जाती. त्यातल्या जास्त पिणाऱ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. १०० जंत म्हणजे २० मिलिलिटर, रोजचे चार चमचे. तेवढ्या चांगल्या रक्तात सुमारे १० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून अंगी लागतं १-२ मिलिग्रॅम. सांडलेल्यातलं थोडं आतडं परत शोषतं, तरी उचल फिटत नाही ती नाहीच.

औषध साधं आहे, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी, चुरून. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घ्यायची नाही. लाल गोळ्या मात्र सोडू नका, गेलेलं लोह भरून काढायला त्याच लागतात. फक्त चहाबरोबर नको.

शाळा-अंगणवाडीत ही जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला देतात, १ ते १९ वर्षांच्या मुलांना. फेब्रुवारीत तुमची लेकरं कुठं असतात? कोपीवर, फडाजवळच्या खोपटात. म्हणजे दोनातली एक गोळी दरवर्षी हुकते, आणि विशीच्या पुढच्या बाया तर त्या यादीतच नाहीत. म्हणून ऑगस्टची वाट बघू नका, संडास तपासून घ्या. त्यासाठी डबी घेऊन जायची लाज वाटते, मला माहीत आहे. आशाताई दारात उभ्या आहेत, जाताना प्रत्येकीनं त्यांच्याकडं नाव लिहा.