कातळ की तेल?

(दृश्य : औसा तालुक्यातलं शिवार. बोअरची गाडी सुरू आहे.)

मराठवाड्यात बोअर घेताना सगळ्यांची नजर वर येणाऱ्या चुऱ्यावर असते. कोरडा फुफाटा उडत राहिला की माणसं गप्प होतात. चुरा ओलसर आला की गाडीभोवती गर्दी होते. तेलाच्या विहिरीत एवढ्यावर भागत नाही. तिथे उपकरणं केबलला बांधून तळापर्यंत सोडतात आणि वर ओढत आणताना मीटरामीटरला खडकाची नोंद घेतात. हाच वेल लॉग.

पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनला घेतला गेला, श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल आणि वायू नेत नाहीत. म्हणून खडकाची रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढली की तेलाची आशा वाटते.

आशाच म्हणायची, कारण घट्ट कातळही वीज नेत नाही.

(दृश्य : लॉगचा लांब कागद, त्यावर फिरणारं बोट.)

आकडे घेऊनच पाहू. समजा, रोधकता आली २५ ओहम-मीटर. खडकातल्या खाऱ्या पाण्याची ०.०४. सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचा वाटा, २० टक्के. आर्ची यांचं १९४२ सालचं सूत्र सांगतं : पाण्याच्या रोधकतेला सच्छिद्रतेच्या वर्गाने भागा. उत्तर येतं १. म्हणजे हा खडक पाण्याने पूर्ण भरलेला असता तर १ दाखवला असता, दाखवतोय २५. १ ला २५ ने भागून वर्गमूळ काढलं की ०.२. छिद्रांच्या जागेत पाणी २० टक्के, उरलेल्या ८० टक्के जागेत तेल किंवा वायू.

आता रोधकता तीच, सच्छिद्रता मात्र ४ टक्के. भागाकार येतो २५. हा खडक नुसत्या पाण्यानेही २५च दाखवणार. तेलाचा थेंब नाही!

म्हणून एकट्या रेषेवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. खडकाची नैसर्गिक किरणोत्सारिता मोजणाऱ्या गॅमा लॉगवर शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, उठून दिसतो, पण बेसाल्ट आणि स्वच्छ वाळूखडक दोन्ही खालच्याच पातळीवर राहतात. तिथे घनता कामी येते : वाळूखडकाचे कण घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम, आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, २.९च्या आसपास. न्यूट्रॉन लॉग हायड्रोजन टिपतो. वायूत तो विरळ असतो, त्यामुळे न्यूट्रॉनची सच्छिद्रता घसरते, घनतेवरून काढलेली वाढते, आणि दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडून जातात. वायूचा पट्टा असा सापडतो.

(दृश्य : किल्लारी.)

आपल्या पायाखाली काय आहे? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल विवर खणलं गेलं. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर, मग थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन पाया. तेल तयार व्हायला सेंद्रिय द्रव्याने भरलेले जाड थर खोल गाडले जावे लागतात. किल्लारीखाली तसं काही मिळालं नाही.

तरी बेसाल्टला सरसकट बाद करू नये. गुजरातेत वडोदऱ्याजवळ पादरा क्षेत्रात याच दख्खनच्या भेगाळलेल्या बेसाल्टमधून तेल निघालं आहे. भेगांच्या खडकात मात्र वर वापरलेला सच्छिद्रतेचा वर्ग जसाच्या तसा चालत नाही. तिथे विवराच्या भिंतीची विद्युत प्रतिमा घेऊन भेगा शोधतात, आणि त्या किती वाहतात हे विहिरीची चाचणी घेऊन ठरवतात.